येळवशीची तार

डुक्कर मारताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात वही होती. सकाळची वेळ, कंधारच्या पुढचं एक गाव, आणि गायरानाच्या कडेला घाणेरीच्या जाळीत अडकलेलं सुळेवालं नर डुक्कर. चार माणसं, पाच कुत्री. पहिल्या कुत्र्याचं पोट त्यानं एका हिसक्यात फाडलं आणि ते कुत्रं आपलीच आतडी पायांत घोळवत माझ्या दिशेनं पळत आलं. मी बाजूला झाले आणि वहीत लिहिलं, 'कुत्रा पहिला, जखमी.' मग कुऱ्हाडी पडल्या. एक घाव मानेवर, दुसरा पाठीवर, तिसरा एका माणसाच्या नडगीला चाटून गेला. तो शिव्या देत खाली बसला आणि बसल्या बसल्याच डुकराच्या तोंडावर दगड घालू लागला. डुक्कर मेल्यावरही त्यानं सात-आठ वेळा घातला. किती वेळा घातला तेही मी लिहून घेतलं.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खोटं होईल. मी चांगल्या दोन भाकरी खाल्ल्या, वर ठेचाही मागून घेतला. आपण काहीतरी मोठं काम करतोय या नशेत मी होते.

काम असं होतं. मी मानववंशशास्त्र शिकत होते आणि माणसाचं त्याच्या भोवतालच्या निसर्गाशी नातं कसं असतं, यावर मला प्रबंध लिहायचा होता. मी रानडुक्कर निवडलं. माझ्या आईला हे चाकूरच्या बायकांत सांगायची लाज वाटायची. "पोरगी नांदेडला शिकायला हाय" एवढंच ती सांगायची, काय शिकते ते गिळून टाकायची. वडील म्हणायचे, "डुक्कर दिसलं की दगड मारायचा. ह्यात शिकायचं काय हाय?" आता वाटतं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

माझे सर नांदेडला होते. माणूस चांगला, सतत चहा पिणारा. त्यांनी मला कामाची रीत शिकवली. गावात वर्षभर राहायचं. लोकांसोबत चालायचं, त्यांचे शब्द शिकायचे. कुठल्या महिन्यात कुठलं जनावर कुठं असतं, ते लोकांकडूनच देवळासमोर चुन्यानं रांगोळीसारखं काढून घ्यायचं. आपल्या डोक्यातलं त्यांच्या तोंडात घालायचं नाही. कुणी भरवशानं सांगितलेलं बाहेर बोलायचं नाही, नाव लिहायचं नाही. "आणि एक लक्षात ठेव," सर म्हणायचे, "आपण पाहायला जातो. गावच्या कामात हात घालायला नाही." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं होतं.

आणि खरं सांगते, मला ते काम मनापासून आवडायचं. गावात उभ्या पिकात डुकराचं नाव घेत नसत, पाव्हणे म्हणत. "राती पाव्हणे येऊन गेले, अर्धा एकर लोळवला." बायका म्हणायच्या, गायरानात येडी बाभळ माजली तेव्हापासून त्यांना लपायला घर झालं. म्हातारे म्हणायचे, ऊस आला तसे ते आले. एक जण म्हणाला, "आधी त्ये आमाला भ्यायचे, आता आमी भितो. नातं म्हणजे एवढंच, मॅडम." त्या एका वाक्यावर मी दोन दिवस खूश होते. डुकराची वाट, लोळण्याची जागा, मादी पिलं घालायला पाला कुठं गोळा करते, सगळं मी विचारलं. त्यांना अडवायला पिकाभोवती लावलेली विजेची तार कुठून चालू होते, हे मात्र विचारलं नाही. तसा रकानाच माझ्या वहीत नव्हता.

मी एका मावशीकडं भाड्यानं राहायचे. तिला नवरा नव्हता, जमीन नव्हती. मुलगी देगलूरकडं दिलेली, मुलगा लातूरला एका दुकानात कामाला. एक म्हैस आणि दोन हात एवढ्यावर तिचा संसार होता. खुरपायला जायची, आणि दिवस मावळायच्या आधी म्हशीला गवत आणायला निघायची. मी रोज तिच्या मागं. वाट अण्णांच्या बांधावरून जायची. बांधाच्या एका ठिकाणी मावशी उजवा पाय गुडघ्यापर्यंत उचलायची, पलीकडं टाकायची, मग डावा. मीही तिची नक्कल करत तसेच पाय टाकायचे. जमीन सपाट, दगड नाही, काटा नाही. मी दोन आठवडे ते पाहिलं आणि लिहिलं, 'सापाच्या भयातून आलेली चालण्याची लकब, बहुधा पिढीजात.' सरांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, वा, नजर आहे तुला. मावशीला एकदाही विचारलं नाही की बाई, तू पाय का उचलतेस.

अण्णा म्हणजे त्या बांधाचे मालक. साठीचा गडी, सहा एकर, गायरानाला लागून. डुक्कर गायरानातून निघालं की पहिलं ताट त्यांचंच. तोंड फटकळ. मला पाहिलं की म्हणायचे, "काय मॅडम, आज कुण्या डुकराची मुलाखत?" पण माझं सगळ्यात जास्त काम त्यांच्याच जिवावर चाललं होतं. पायाचा ठसा बघून ते मादी गाभण आहे का सांगायचे.

एका पहाटे उजाडता उजाडता त्यांनी मला बोलावणं पाठवलं. बांधाच्या त्या ठिकाणी एक मादी पडली होती. केस जळाल्याचा वास शेतभर पसरलेला. तिच्या जबड्यात तार अडकून बसली होती आणि ओठ मागं ओढले गेल्यानं सगळे दात उघडे पडले होते. तेव्हा मला ती तार पहिल्यांदा दिसली. बांधकामाची बारीक तार, बांबूच्या खुंट्यांवर, जमिनीपासून दीड वीत उंच, ज्वारीच्या ताटांत लपलेली. मावशीचं पाय उचलणं तिच्याशी जोडायचं मला तरीही सुचलं नाही. अण्णांनी कुऱ्हाडीनं मादीचं पोट फाडलं. आत सहा पिलं होती, पुरती वाढलेली, अंगावर पट्टे आलेली. त्यांनी ती एकेक काढून बांधावर ओळीनं ठेवली. शेवटचं हललं असं मला वाटलं. अण्णांनी त्याच्यावर कुऱ्हाडीचा तुंबा आपटला.

"लेकुरवाळी व्हती," ते म्हणाले आणि थुंकले. "पर माझी जवारी बी लेकरावानीच हाय का न्हाई?"

मी विचारलं, "अण्णा, ह्या तारेत सरळ लाईट सोडता?"

"हाव. झटक्याच्या मशीनला पाव्हणे भीत न्हाईत आता. उड्या मारून येतेत." मग त्यांनी माझ्या वहीकडं बघितलं. "लिवायचं तर लिवा. नाव नगं. अन् गावात बोलू नका, मॅडम. पोलिसाचं लफडं हाय हे."

"दिवसा बंद असते ना?"

"दिस उगवला की बंद. माणसं फिरतेत, जित्राब फिरतंय. आमी काय खाटीक हाव?"

तेवढ्यावर माझं समाधान झालं. शेतातली लाईट तिकडं एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीतच तार चालायची. मी वहीत अण्णांच्या नावाऐवजी 'माहितगार चार' लिहिलं, तारेची उंची लिहिली, पिलांची संख्या लिहिली आणि वही बंद केली. कुणाला बोलले नाही. कुणीतरी मरेल असं मनात आलं नव्हतं का? आलं होतं. रोज संध्याकाळी मावशीच्या मागं चालताना यायचं. मग मी मनातल्या मनात म्हणायचे, दिवसा बंद असते, आणि गावच्या कामात हात घालायचा नाही. भित्र्या माणसाला नियमाइतका सोपा आडोसा मिळत नाही, आणि मी भित्री होते.

मग येळवस आली. वेळ अमावस्या. आमच्या लातूरकडं आणि इकडं कंधार-मुखेडच्या पट्ट्यात त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळी रानात. रानात कडब्याची कोपी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा झाली की अंबील घेऊन रानाला फेरी मारायची, पिकावर शिंपडायची आणि ओरडायचं, "ओलगे ओलगे सालम पोलगे." त्याचा अर्थ कुणालाच धड सांगता येत नाही, कानडीतून आलंय म्हणतात. मग शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि पोट फुटेपर्यंत अंबील. त्या दिवशी कुणी कुणाचं रान विचारून ओलांडत नाही. ज्याला जमीन नाही तो पाच-सहा कोप्यांत जेवतो. वाटेवरच्या अनोळखी माणसाला हाताला धरून आणून बसवतात. मी लहानपणापासून या दिवशी अनवाणी, डोळे मिटून रानात पळाले आहे. वर्षातला तेवढा एक दिवस आमच्या माणसांना जमिनीची भीती वाटत नाही.

त्या वर्षी मी चाकूरला गेले नाही. आई फोनवर रुसली. अण्णांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "येळवशीला आमच्या रानात, मॅडम. त्या दिशी रानात येईल त्यो पाव्हणा."

सकाळी मी पोचले तेव्हा अण्णा विहिरीजवळच्या खांबावरच्या पत्र्याच्या पेटीपाशी उभे होते. पेटी लावत मला म्हणाले, "आज तार बी सुट्टीवर. येळवस हाय." लाईट तर रात्रीच्या पाळीची होती, दिवसा यायचीच नव्हती. तरीही त्या माणसानं बंद केली होती. मी हसले आणि कोपीकडं गेले. त्यांनी पेटीत काय केलं ते मी पाहिलं नाही.

पुढचं मी जसं घडलं तसंच लिहिते, कारण एवढ्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

अंबील शिंपताना मी अण्णांचं ओरडणं फोनवर भरून घेतलं. जेवणापूर्वी फोन बसला. विहिरीजवळच्या पेटीत पिन लावायची जागा आहे हे मला माहीत होतं, मोटर दुरुस्त करणारा तिथं त्याचं यंत्र लावायचा. मी गेले, पेटी उघडली. पिनेच्या जागेशेजारी दोन काळी बटणं होती, दोन्ही बंद. मी चार्जर खोचला आणि एक बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. काही नाही. मग आठवलं, लाईटच नाही. तिकडून अण्णांच्या बायकोनं, काकूंनी, हाक मारली, "ओ मॅडम, भज्जी गार होऊन राहिली!" मी फोन बरोबर घेतला, चार्जर तसाच ठेवला, दोन्ही बटणं तशीच ठेवली आणि पळाले. लाईट आहे का बघायला बटण दाबायचं आणि तसंच सोडून द्यायचं, ही आमच्या सगळ्या मुलखाची खोड आहे. घरोघरी लाईट आली की कळतं की पंखा चालूच राहिला होता.

जेवणं झाली. तीनेक वाजले असतील. कोपीपुढं तीन दगडांवर दूध ठेवलं होतं. ते कुठल्या बाजूला उतू जातं त्यावरून पुढचा हंगाम सांगतात. पंधरावीस माणसं वाकून भांड्याकडं बघत होती, पैजा लागल्या होत्या. तेवढ्यात विहिरीवरची मोटर आपोआप सुरू झाली आणि पाईपातून पाणी पडायला लागलं. कुणीतरी म्हणालं, "आर्रं, लाईट आली! आज दिवसा कशी?" पाळी बदलली होती. लोक खूश झाले. मीही खूश झाले, फोन चार्जिंगला लावता येईल म्हणून.

मग भांडं पडल्याचा आवाज आला.

मावशी दुसऱ्या कोपीतनं अंबिलीचं बिंदगं घेऊन अण्णांच्या कोपीकडं येत होती. ती बांधावर पालथी पडली होती. किंचाळी नाही, काही नाही. अंगभर अंबील सांडलेली, आणि तिचा उजवा हात तारेला धरून होता. सोडत नव्हता. हाताला सुटताच येत नव्हतं. तिचं अख्खं अंग जमिनीवर आपटत होतं, टाचा मातीत खड्डे पाडत होत्या. तोंडातून फेस, आणि तळव्यातून धूर. तो वास मला ओळखीचा होता. एक बाई तिला धरायला धावली आणि झटका बसून दूर फेकली गेली. कुणी ओरडत होतं काठी आणा, कुणी म्हणत होतं हात लावू नका.

आणि अण्णा पळाले. मावशीकडं नाही, उलट्या दिशेला, विहिरीकडं. धोतराचा सोगा सुटलेला, अनवाणी, ढेकळांतून ठेचकाळत. मी त्यांच्याकडं बघत होते, कारण तेवढ्या वेळात मला सगळं कळलं होतं. त्यांनी पेटी उघडली, दोन्ही बटणं बंद केली. मावशीचं आपटणं थांबलं. अण्णांनी पेटीतून माझा पांढरा चार्जर उपसला, हातात धरून पाहिला आणि बंडीच्या खिशात टाकला. मग मान वळवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच.

लोकांनी यातलं काही पाहिलं नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं की अण्णांच्या तारेत बाई जळतेय आणि अण्णा पळून चाललेत. "येळवशीला तार चालू ठिवतो? येळवशीला?" असा एक माणूस ओरडला आणि सगळे उलटले. कोपीच्या मेढी उपटून मारलं. संध्याकाळी पेटवायला आणलेल्या पलित्यांच्या दांड्यांनी मारलं. अण्णा खाली पडले तर लाथा घातल्या. काकू त्यांच्यावर आडव्या पडल्या, त्यांच्या कमरेत लाथ बसली आणि त्या बाजूला कोसळल्या. कोपी कुणीतरी विस्तवात ढकलली, ती भडकली, दूध सांडलं. एकानं पांडवांतला एक दगड उचलला. चुन्यानं रंगवलेला, हळदीकुंकवाचा, सकाळी ज्याच्यापुढं त्यानंही डोकं टेकलं होतं. तो त्यानं अण्णांच्या जबड्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. अण्णा काही बोलले नाहीत. हात जोडले, एवढंच. नंतर ते हातही खाली पडले.

मी दोन पावलांवर उभी होते. 'बटण मी दाबलं' हे तीन शब्द होते. ते तोंडातून निघाले असते तर त्या दांड्या माझ्यावर पडल्या असत्या, आणि एवढ्यासाठीच ते निघाले नाहीत. लोक दमेपर्यंत मारत राहिले. मी पाहत राहिले. सरांनी शिकवलं होतं तसं, हात न घालता.

मावशी वाचली. जीपमध्ये घालून नांदेडला नेलं, सरकारी दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी तिचा उजवा हात कोपराखालून कापला. अण्णांनाही तिथंच आणलं होतं, खालच्या मजल्यावर, दाराशी पोलीस बसवून. पोलिसांनी माझा जबाब घेतला. "तार कोणाची?" अण्णांची. "तुम्हाला आधी माहिती होती?" हो. साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला पायांखालची फरशी मोजावीशी वाटली. बटणाचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सर म्हणाले, घाबरू नकोस, प्रबंधात हे घ्यायची गरज नाही.

आठ दिवस मी मावशीच्या उशाशी बसले. तिला पाणी पाजायचे, वेणी घालून द्यायचे. तिचा मुलगा लातूरहून येऊन-जाऊन होता, तो माझे पाय धरायला आला, "ताई, सख्ख्या लेकीवानी करून राहिल्याव." मी पाय मागं घेतले.

नवव्या दिवशी दुपारी वॉर्डात गर्दी कमी होती. मावशी छताकडं बघत होती. मीच विचारलं, "मावशी, तार तुला दिसली नाही का गं?"

"दिसायची कामून? म्हाईत व्हती की." ती शांतपणे म्हणाली. "समद्या गावाला म्हाईत हाय. म्या रोज पाय उचलूनच जाते. तू मागंच असतीस की. दिवसा बंद असती, पर कुणाचा काय भरवसा, म्हणून उचलायचा. त्या दिशी उचलला न्हाई. येळवस व्हती. येळवशीला कोण तार चालू ठिवतंय? अण्णा असा निघंल असं वाटलं न्हाई मला. हात गेला त्येचं जाऊ दे. त्यानं येळवस मोडली बघ."

माझी पिढीजात लकब. लाल शाईचा नियम. गावभर ठाऊक असलेली गोष्ट मी माझं गुपित म्हणून जपली होती, आणि खरं गुपित जे होतं ते माझ्या पोटात कुजत होतं. मी सांगितलं. चार्जर, दोन बटणं, भज्जीची हाक, अण्णांचा खिसा, सगळं. सांगताना रडले नाही, रडायचा हक्क नव्हता.

मावशीनं पुरतं ऐकलं. मग उठून बसली आणि उरलेल्या डाव्या हातानं माझ्या तोंडात मारली. परत मारली. तिसऱ्यांदा मारताना तोल गेला, कापलेला हात पलंगाच्या लोखंडाला लागला आणि ती गुरासारखी ओरडली. नर्स धावत आली. माझा ओठ फाटला होता. मावशी दम टाकत म्हणाली, "म्हणजे अण्णानं बंद केलती?"

"हो. सकाळीच."

"त्यानं येळवस पाळली व्हती?"

"पाळली होती, मावशी."

ती तेव्हा रडली. हात कापला तेव्हा रडली नव्हती. "अन् त्येला पांडवाच्या दगडानं मारलं लोकायनी," ती म्हणाली. "जा. इथं बसू नगंस. आधी त्येच्या पाया पड, मग ठाण्यात जा. जातीस का म्या येऊ?"

मी खाली गेले. अण्णांचा जबडा तारांनी बांधला होता, डावा कान कायमचा गेला होता. त्यांना नीट बोलता येत नव्हतं, दातांतून शब्द काढत होते. मी पाया पडले. विचारलं, "अण्णा, तुम्ही सांगितलं का नाही? चार्जर दाखवला का नाही?"

"तुमी माझं झाकलं," ते म्हणाले. "म्या तुमचं झाकलं." मग म्हणाले, "अन् तुमी पाव्हण्या व्हत्याव, मॅडम. येळवशीच्या."

ठाण्यातल्या साहेबांनी माझा दुसरा जबाब लिहून घेतला. म्हणाले, तार लावली तो गुन्हा त्याचा आहेच, बटणाचं कोर्ट बघेल. अण्णांची केस अजून चालू आहे, माझीही आहे. मी गावात देवळासमोर, जिथं चुन्याचे नकाशे काढून घेतले होते तिथं, उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी मारलं नाही. एक म्हातारा माझ्या पायांपुढं थुंकला आणि लोक उठून गेले. ज्यानं दगड घातला होता तो माणूस मात्र बसून राहिला, आपल्या हातांकडं बघत.

प्रबंध मी पूर्ण केला नाही. आता लातूरला एका शाळेत शिकवते. पहिल्या दिवशी ज्या वहीत डुकराच्या तोंडावर पडलेले दगड मोजले होते, ती वही माझ्याकडं आहे. दुसरी, जिच्यात तारेची उंची लिहिली होती, ती कोर्टात आहे.

पुढच्या येळवशीला मावशीनं निरोप पाठवून मला बोलावून घेतलं. मी का गेले ते मला सांगता येणार नाही, पण गेले. अण्णांनी त्या वर्षी तार काढून टाकली होती. खुंट्यासुद्धा उपटल्या होत्या. डुकरांनी त्यांची निम्मी ज्वारी लोळवली होती आणि कोपी मोकळ्या रानात उभी दिसत होती. आम्ही त्याच वाटेनं निघालो, मावशी पुढं, डाव्या कडेवर अंबिलीचं बिंदगं, मी मागं. बांधाच्या त्या ठिकाणी ती थांबली. उजवा पाय गुडघ्यापर्यंत उचलला, पलीकडं टाकला, मग डावा.

"मावशी, तार नाही आता," मी म्हणाले.

"हाव. म्हाईत हाय."

"आणि आज येळवस आहे."

"म्हणून तर उचलला," ती म्हणाली आणि मागं न बघता चालू लागली.